थेंब आपोआप फुटला नव्हता

मंडळी, दुपारी वाचनालयात टाळ्या वाजवल्यात, आता फळ्यावर लावलेला हा कागदही वाचा.

सध्याची मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी विलायतेत निघालेला विचार मी सांगत होतो. युरेनियमच्या अणूचा गाभा पाण्याच्या थेंबासारखा असतो. न्यूट्रॉन नावाचा कण आत शिरला की तो डचमळतो, लांबट होतो, कमरेत बारीक होतो आणि त्याचे दोन तुकडे होतात.

दाखवायला थाळीतल्या पाण्यावर करडीच्या तेलाचा थेंब सोडला. थाळीला टिचकी मारली. थेंब लांबला आणि पुन्हा गोल झाला. परत मारली, परत गोल. मागं कुणीतरी हसलं. सरकारी हुकमानं मी शाळेत उर्दूत शिकवतो, हा विषय मराठीत पहिल्यांदाच बोलत होतो. मग थाळी सरकवायच्या बहाण्यानं करंगळीचं नख थेंबातून फिरवलं. दोन थेंब झाले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या.

जाताना पोखर्णीचे दुकानदार बसलिंगआप्पा हात धरून म्हणाले, "मास्तर, पुस्तकातलं आमाला काय कळायलंय? पर आज डोळ्यानं बगितलं. आता पटलं."

मी मान हलवली आणि थाळी उचलून घरी आलो.

आप्पा, तो गाभा कुणीच डोळ्यानं पाहिलेला नाही. ज्यांनी हा विचार मांडला त्यांनीही नाही. त्यांच्याजवळ प्रयोगातली मोजमापं आणि गणित एवढंच आहे, म्हणून त्यात खोट चालत नाही. तुम्ही पाहिलंत ते माझं नख होतं.

उद्या पुन्हा थाळी मांडतो. थेंब बहुतेक फुटणार नाही. तरी याल का?