चित्राच्या पाठीवरचं नाव

दोह्यात एका संग्राहकाच्या चित्रांच्या गोदामात मी नोकरी करते. चित्र आलं की सगळे त्याचं तोंड बघतात, मी पाठ बघते. आमच्याकडे बायका भांडं हातात आलं की आधी फिरवून त्यावरचं नाव वाचतात, त्यातलीच मी.

एकोणिसाव्या शतकातलं ते फ्रेंच चित्र मेरीचं होतं. बाळ येशूला न्हाऊ घालून ती त्याची पावलं पुसते आहे, एवढंच. पाठीवर मात्र मालकांची वरात होती: खेड्यातल्या चर्चचा शिक्का, पॅरिसच्या दलालाची चिठ्ठी, लंडनच्या लिलावाचा नंबर, शेवटी आमचा स्टिकर. आणि चर्च नि दलाल यांच्या मधे, लाकडी चौकटीवर, पेन्सिलीने लिहिलेलं एका बाईचं नाव. तिच्याबद्दल कुठलाच कागद नव्हता. त्यामुळे मालकीच्या अधिकृत इतिहासात ती नव्हतीच.

चौकटीला कीड लागली म्हणून ती बदलायची ठरली. चिठ्ठ्या सोडवून नव्या चौकटीला लावता येतात, पेन्सिल कशी सोडवणार? फोटो काढलाय ना, मग खलास, असं साहेब म्हणाले.

मला ते लागलं. आई गेल्यावर घर आवरताना भावाने तिची भांडी मोडीत घातली. प्रत्येकावर तिचं नाव होतं. मी फोनवर त्याला नको ते बोलले. त्यानेही ऐकवलं, की तिकडे बसून बोलायला काय जातं. खोटं नव्हतं ते, म्हणूनच झोंबलं. तेव्हापासून आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं. माझ्याकडे आईचा एकच डबा राहिला, तिने लाडू भरून पाठवलेला. रिकामा डबा परत करत नाहीत. मी तो भरायच्या आधीच ती गेली.

हे सगळं मी साहेबांना माझ्या इंग्रजीत सांगितलं. मोडीला इंग्रजीत काय म्हणतात तेही सुचेना. ही बाई कोण, तिचं महत्त्व काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, पण तिने त्या चित्रावरची धूळ पुसली असणार. ते जरा हसले आणि नावाचा तुकडा कापून नव्या चौकटीत बसवायला हो म्हणाले.

आमचे सुतार रत्नागिरीचे, मी त्यांना चाचा म्हणते. तुकडा बसवताना त्यांनी विचारलं, "ही बाय कोन गो?"

"माहीत नाही चाचा. हिच्या घरी होतं."

"मग ऱ्हाऊदे तिचा नाव," म्हणाले, आणि कडा घासायला लागले.

त्या आठवड्यात मी रवा-नारळाचे लाडू केले. नवऱ्याचा मेसईदच्या कारखान्यातला एक सहकारी सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्या हाती आईचा डबा भावाकडे पाठवला. डबा देताना वाटलं, परत मोडीत घातला तर?

डबा पोचल्यावर भावाचा फोन आला.

"ताई, आईचं नाव आहे याच्यावर," तो म्हणाला. "हा मी ठेवून घेऊ?"

हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना.

"भरून परत पाठव," मी म्हटलं. "मग मी परत भरून पाठवीन."