सगळं रोप एकदम

एमबीएच्या पहिल्या वर्षी आमच्या नाशिकच्या कॉलेजने ‘निसर्गातून नेतृत्व’ असा विषय काढला, तेव्हा मी नाक मुरडलं. नेतृत्व शिकायला चिखलात कशाला जायचं? पण सरांनी मला गटप्रमुख केलं आणि मी लगेच फुगले.

पेठजवळच्या एका पाड्यावर, एका मावशींच्या खाचरात आम्ही बाराजणांनी दिवसभर भाताची आवणी करायची होती. मावशी एकट्या राहायच्या. वाफ्यातलं रोप उपटून चिखलात कसं लावायचं ते दाखवून त्या भाकरी टाकायला घरी गेल्या. थोडं उपटायचं, थोडं लावायचं, ही त्यांची रीत मला वेळखाऊ वाटली. मी फर्मान सोडलं: आधी सगळ्यांनी सगळं रोप उपटायचं, मग सगळ्यांनी लावायचं.

मावशी परतल्या तेव्हा वाफा बोडका झाला होता आणि बांधावर जुड्यांचा ढीग होता. मी शाबासकीची वाट बघत उभी.

“आगं पोरी, लावून होईल तेवढंच उपटायचं असतं. उपटलेलं रोप थांबत नाय.”

दोन दिवस पाऊस उघडला होता, ऊन चटचटत होतं आणि आमची लावणी गोगलगायीची. त्या ढिगात मावशींचा वर्षाचा तांदूळ होता. मला रडूच कोसळलं.

मावशी रागावल्या नाहीत. जुड्या पाण्यात ठेवायला सांगून त्यांनी बांधावरून एक हाळी दिली. अर्ध्या तासात सात घरांतली सात माणसं आपापली आवणी टाकून आली. हे कोणी केलं, असं एकानेही विचारलं नाही. त्यांतल्या सर्वांत सावकाश हात चालणाऱ्या म्हातारबाबांना मावशींनी ओळीच्या मधोमध उभं केलं आणि सगळी ओळ त्यांच्या चालीने मागे सरकू लागली. मी असते तर त्यांना बांधावर बसवलं असतं. दिवस मावळायच्या आत शेवटची जुडी लागली. इतकं देखणं काम चालवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

“या सगळ्यांचं आता कसं?” मी विचारलं.

“सावड हाय ही. आता माझ्या घरचं माणूस येक येक दिस यांच्याकडं जाईल.”

म्हणजे माझ्या दीडशहाणपणापायी मावशींना सात दिवस दुसऱ्यांच्या चिखलात राबायचं होतं. आमची बस हॉर्न देत होती. मी चढले नाही. सरांनी कपाळाला हात लावला, आईने फोनवर यथेच्छ झापलं.

दुसऱ्या सकाळी मावशी मला पहिल्या घरच्या खाचरावर घेऊन गेल्या. माझी कंबर आधीच मोडली होती. त्या घरच्या सासूबाई माझ्या जीन्सकडे बघून हसल्या.

“ही कोणाची गं?”

मावशी जुडी सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“माझ्या घरची हाय.”

मी पटकन वाकले आणि रोप लावायला लागले.