मायला मी बाई म्हणालो

हे मी कुसुमला कधी सांगितलेलं नाही. भावाला नाही, कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो, तरी आधी इकडचं तिकडचंच सुचतंय —

साठच्या आसपासची गोष्ट. कुसुम अकोल्याला शाळेत शिकवायची, मी अमरावतीला कारकून. लग्न कुणी ठरवलं नव्हतं; आमचं आम्ही ठरवलं होतं, एवढंच. दर रविवारी मी तिच्या घरी जेवायला. तिच्या आईला काय म्हणायचं? सासूबाई म्हणायचा हक्क नाही, मावशी म्हणजे उगाच लाडीगोडी. मी आपला ‘अहो, ऐकता का’ करून वेळ मारून न्यायचो. शेवटी तीच हसून म्हणाली, "माय म्हना ना, बापू. जीभ थोडीच झिजते?" बापू — आमच्याकडे जावयाला म्हणतात तसं. लग्नाआधीच तिने देऊन टाकलं. मीही माय म्हणू लागलो. गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. आमचं राजापेठेत फुलांचं दुकान, आणि ते चालवणारा माझा थोरला भाऊ, दादा, जातीपातीचा कट्टर. दादाला सगळं सांगितलंय, असं मी मायला ठोकून दिलं होतं. सांगितलं कुठे होतं? तोंडच उघडलं नव्हतं.

आणि एका शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून मी दुकानात बसलो होतो, तर माय समोर उभी! लग्नाचं बोलायला, एकटी, अकोल्याहून मोटारीने आलेली. स्वच्छ पांढरं लुगडं, चेहऱ्यावर हसू. दादा माझ्या शेजारी हार ओवत बसलेला. ती बोलली नाही — मी आधी हाक मारीन म्हणून थांबली असावी. मी म्हणालो, "कोण पाहिजे, बाई?"

तिला सगळं कळलं. "काई नाई, साहेब," ती म्हणाली, "दुकान चुकली मी." आणि आली तशी गेली. दादाने मानही वर केली नाही.

लाज वाटली का? वाटली. पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं — ते जास्त वाईट.

घरी तिने चकार शब्द काढला नाही. पुढे आमचं लग्न झालं, दादाला न विचारता. पण त्या दिवसापासून माय मला साहेबच म्हणायची. कुसुम चिडायची. "जावयाले साहेब म्हनतेस? येवढे परके हायेत का ते?" माय भाकर थापत राहायची. भांडणं वाढत गेली, कुसुमने माहेरी जाणंच सोडलं. आणि मी? त्या प्रत्येक भांडणात मी तिथेच बसलेला असायचो — मायच्या हातची भाकर खात.

माय गेली. माती देऊन परतताना कुसुम म्हणाली, "मायनं तुमाले शेवटपर्यंत आपलं मानलं नाही."

सांगायची वेळ तीच होती ना? मी म्हणालो, "जाऊ दे. जुन्या वळणाची होती बिचारी."

कुसुमने डोळे पुसले. म्हणाली, "तुमचं मन लय मोठं हाये."

मी ते ऐकून घेतलं.