मधुकरला सांगितलेला कोर्स

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — नीट माहीत नाही. पश्चात्ताप झाला म्हणून म्हणाल, तर तसंही नाही. राग अजून तसाच आहे.

मधुकर आमच्याच गावचा, माझ्याच वयाचा. चामोर्शीच्या रस्त्यावर एक राइस मिल आहे, तिथल्या मोटरी तो अठरा वर्षं सांभाळत होता. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगणारा माणूस. पण हातात कागद नव्हता. एक दिवस मिलमालकानं बजावलं — वर्षभरात वायरमनचा परवाना आण, नाहीतर परवानावाला माणूस ठेवीन.

मग तो माझ्याकडे आला. माझ्याकडे परवाना होता ना! दोन कागद घेऊन आला. एक चंद्रपूरच्या खासगी क्लासची जाहिरात, तीन महिन्यांचा कोर्स. दुसरा सरकारी वायरमन परीक्षेचा. चाळिशी उलटलेली, घरदार मागे; दोन वर्षं आयटीआयच्या बाकावर बसणं त्याला जमणारं नव्हतं.

"भाऊ, मले यातलं काई समजत नाई," तो म्हणाला. "तू म्हनशीन तोच करतो."

मला सगळं समजत होतं. मी स्वतः त्याच वाटेनं आलो होतो — मालकाकडून अनुभवाचा दाखला घ्यायचा, अर्ज भरायचा, परीक्षेला बसायचं. मधुकर डोळे मिटून पास झाला असता. क्लासच्या प्रमाणपत्रावर परवाना मिळत नाही, हेही मला ठाऊक होतं. मग काय सांगितलं मी? म्हणालो, ती परीक्षा तरण्या पोरांची, तुझं वय गेलं, तू क्लासच कर. चहा पाजून सांगितलं.

का? — तर ऐका. त्याच्या बारा वर्षं आधीची गोष्ट. धानात रानडुकरं शिरायची म्हणून मी लाइनवर आकडा टाकून बांधावरच्या तारेत करंट सोडला होता. आमच्याकडे मी एकटाच सोडत होतो का? पण मधुकरनं जाऊन फॉरेस्ट गार्डला माझंच नाव सांगितलं. पोलिसांनी मला भर गावातून चालवत नेलं. माझा बाप ठाण्याच्या पायरीवर दिवसभर हात जोडून बसला, आणि पुढे मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. तेव्हाच मी डूख धरला होता.

एक गोष्ट गाळली. स्वतःशीसुद्धा मी ती गाळतो. त्या तारेला चिकटून मधुकरचा बैल मेला होता. बैलाला ओढायला त्याची बायको धावली — त्यानं तिला मागे खेचलं म्हणून ती वाचली.

मधुकरनं मिल सोडून चंद्रपूरला कोर्स केला. प्रमाणपत्र मालकापुढे ठेवलं. मालकानं वाचलं नि परत दिलं. तोवर त्याच्या जागी मी लागलो होतो. आता तो त्याच मिलमध्ये पोती उचलतो. मोटर बंद पडली की शिडी धरायला मी मुद्दाम त्यालाच हाक मारतो. दुसरे हमाल रिकामे असले तरी त्यालाच. बिघाड काय ते त्याला खाली उभ्या उभ्याच कळलेलं असतं, पण हात लावायची मुभा नाही. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

त्यानं मला कधी दोष दिला नाही. आपल्याच नशिबात नव्हतं, असं चारचौघांत सांगतो. त्याचाही मला रागच येतो.

इथंच थांबलं असतं, तर फिट्टंफाट झाली म्हणून गप्प बसलो असतो. पण गेल्या महिन्यात शिडी धरून उभा असताना त्यानं विचारलं, "भाऊ, त्या परीक्षेचं वय खरंच गेलं का माह्यं? पुन्हा फारम निंगाले म्हन्तेत. मालक दाखला देतो म्हनते."

मी वर होतो. आधी त्याच्याकडून पक्कड मागून घेतली. मग म्हणालो, "गेलं."

त्याच परीक्षेचा कोरा फॉर्म तेव्हा माझ्याच हत्यारांच्या पेटीत होता. मुदत काल संपली.