टेकडीला दोन हॉर्न

नाशिकच्या टोकाला, आमच्या कॉलनीमागे एक मुरमाची टेकडी होती. प्लॉट पाडायचे म्हणून ती सपाट करायला घेतली, तेव्हापासून सकाळी फिरायला गेलो की एक जेसीबीवाला दिसायचा. नांदगावकडचा माणूस, आणि भर मे महिन्यातही गळ्यात मफलर. मशीनवर चढायचा, टेकडीकडे तोंड करून दोन लांब हॉर्न द्यायचा आणि मग निवांत बिडी ओढत बसायचा. समोर चिटपाखरूही नसायचं.

शेवटी न राहवून मी विचारलंच, हा हॉर्न कुणासाठी?

"वरच्या कपारीत तरस राहतं ना. कुणाच्या घरात शिरताना आपण बेल वाजवतोच की, साहेब."

मग खाली उतरून तरस कसं चालतं, ते त्यानं मला चालूनच दाखवलं. खांदे वर, ढुंगण खाली, मान लाजल्यासारखी. मी पोट धरून हसलो.

"लय गरीब जनावर हाय. मेलेलं खातं, तरी लोक दगडंच मारतात. फोटो तेवढा बिबट्याचा काढतात."

"पण हॉर्न ऐकून ते जातं कुठं?"

त्यानं बिडीनंच पलीकडची टेकडी दाखवली. "तिथं सोमवारपासून दुसरं मशीन लागतंय. त्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, आधी हॉर्न दे म्हणून."

सोमवारी पलीकडून खरंच दोन लांब हॉर्न ऐकू आले. तो समाधानानं मान हलवून कामाला लागला.

त्या टेकडीच्या पुढं काय, हे मी विचारलं नाही. तिच्यामागच्या हायवेवरचे हॉर्न आम्हा दोघांनाही इथपर्यंत ऐकू येत होते.