लाकडाला कान लावणारा कोंडबा

साखऱ्याचा कोंडबा मला पहिल्यांदा दिसला तो एका ओल्या लाकडाला कान लावून बसलेला. मी दारात उभा राहून दोनदा खाकरलो. त्याने बोटानेच मला थांबवलं. "आजून पानी हलून राहिलं," तो कुजबुजला. मीही कान लावला. मला काही ऐकू आलं नाही.

कोंडबा धामणीच्या लाकडाची धनुष्यं करायचा. फांदी तोडली की घाम पुसायच्याही आधी तो तिच्या दोन्ही टोकांना मेण थापायचा. मग ती अंधाऱ्या खोलीत भुशाखाली दोन पावसाळे पडून राहायची. उन्हाळ्यात दाराला ओलं फडकं असायचं. त्या खोलीत तो कुणाला मोठ्याने बोलू देत नसे. "टोकातून पानी भसकन गेलं का लाकूड फाटतं, शेट. आपन तुटलो हे त्याला कळू द्यायचं न्हाई."

मी हिंगोलीत लाकडाची वखार शून्यातून उभी केली होती, आणि सौद्यात कुणाला हार गेलो नव्हतो. एका देशमुखाला दसऱ्यापर्यंत धनुष्य करवून देतो असा शब्द मी दिला होता. कोंडबा म्हणाला, लाकडाला अजून वर्ष लागेल. मी घासाघीस केली, आवाज चढवला आणि ते कच्चं लाकूड उचललंच. वखारीत एकट्यानेच टोकांचं मेण खरवडलं आणि लवकर वाळावं म्हणून ते उन्हात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. आवाजाने बैलांनी दावी ताणली. मी शिव्या देत होतो, तेवढ्यात फाटकात कोंडबा दिसला. पाय धुळीने भरलेले, मुठीत मेणाचा गोळा. साखऱ्याहून चालत आला होता. कधी निघालास, मी विचारलं.

"काल. तुमी मेन काढलं तवाच."

त्याने फाटलेल्या लाकडावर आपलं उपरणं पांघरलं आणि तो निघून गेला.

त्यानंतर त्याने मला एकही लाकूड दिलं नाही. वसमतच्या व्यापाऱ्याला दिलं, शिकाऱ्यांना फुकट दिलं. मी दुप्पट भाव बोललो तरी नाही. असं काय केलं होतं मी? बारा वर्षं हा राग मी उरात ठेवला.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी दिवाळीआधी कोंडबा वारला. निदान आता तरी माल मिळेल म्हणून मी साखऱ्याला गेलो. त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, सगळा माल वाटून टाकला होता. भुशात एकच लाकूड उरलं होतं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "तवा तुमच्या वखारीतून परत आले अन् दुसऱ्याच दिशी हे तोडलं. रोज कान लावायचे."

माझं होतं तर मला दिलं काहून नाही, मी तडकलो.

ती शांतपणे म्हणाली, "कान लावून म्हनायचे, शेट आज लई तापला, फडकं भिजव. मी भिजवायचे. ह्या पोळ्याला तर तीनदा भिजवलं."

पोळ्याच्या दिवशी मी सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारली होती. हात वरच्या वर थांबला, कसा ते मला कळलं नव्हतं. ही गोष्ट घराबाहेर गेलेली नव्हती.

गिरजाबाईने पदराने भुसा झटकला. लाकडावर एकही चीर नव्हती. तिने ते माझ्या हातात ठेवलं.

"आता माझ्यानं व्हत न्हाई, शेट. तुमचं तुमी सांभाळा."