वडनेरच्या लग्नघरी बांगड्या भरताना

हिंगणघाटहून वडनेरची एसटी सुटली तेव्हा बांगड्यांची पेटी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. टपावर टाक म्हणून कंडक्टर ओरडला, पण काच फुटली तर मामाला काय सांगू, या धाकाने मी हललो नाही. आमच्या कागलकडे रस्त्याला ऊस लागतो. इथे दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झालेली. वडील गेले, सातवीतच शाळा सुटली, तेव्हा वर्ध्याच्या या मामाने मला जवळ केलं, बांगड्या भरायला शिकवलं. त्याचे उपकार मोठे. एकट्याने लग्नघरी जायची ही माझी पहिलीच खेप.

लग्न गिरजाबाईंच्या सुशीलाचं. भाजीपाला पिकवणारं घर. ओसरीवर वांग्यांच्या पाट्या. गिरजाबाईंचे यजमान मागेच वारले, मळा त्याच बघतात. उतरल्याउतरल्या त्यांनी मला गोळाभात (डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात) वाढला, वर फोडणीचं तेल. मी हात आखडता घेतला तर म्हणाल्या, "लाजू नको बाबू. माय दूर हाये तुही, पोटभर जेवजो." मामाकडे आम्ही दोघेच, हातानेच करून खातो. घर सोडल्यापासून कोणी असं शेजारी बसून वाढलं नव्हतं.

जेवणानंतर अंगणात बायका जमल्या. मी पेटी उघडून हिरवा चुडा मांडला. इतक्यात गिरजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासमोरच बसल्या. कपाळ मोकळं. मामाची शिकवण अशी, की विधवा बाई समोर आली की हिरव्या बांगड्या फडक्याने झाकायच्या, तिच्या मनाला लागू नये. एवढी अदब कासाराला हवीच. मी चटकन फडकं ओढलं. मान वर केली, तर त्यांचा हात माझ्यापुढे आलेला.

"काऊन झाकून राह्यले जी?" सुशीला म्हणाली. "आधी माह्या मायलेच भरायच्या हायेत."

आमच्याकडे अशी रीत आहे, असं काहीतरी मी चाचरत बोललो. गिरजाबाईंची चुलतसासू खांबाला टेकून बसली होती. ती पदराआडून हसली. "पाहा, परगावच्या कासाराले कयते. इच्या पोरीले नाई कयत."

परक्या कासाराला कळतं ते पोटच्या पोरीला कळत नाही, यावर दोघीतिघी हसल्या. शेजारी बसलेल्या बाईने मला हळूच सांगितलं, की सुशीला वर्ध्याला कॉलेजात होती, तिच्या मैत्रिणींच्या घरी आता हळदीकुंकवाला विधवांनाही बोलावतात. आपली माय मांडवात रिकाम्या हाताने उभी राहणार नाही म्हणून ती आईच्या मागेच लागली होती, आणि आज सकाळी कुठे आई हो म्हणाली.

माझे कान तापले. फडकं काढून मी म्हणालो, "आई, द्या हात. भरतो."

हात तोवर पदराखाली गेला होता.

"राहू दे बाबू. लय अवसान करून आलती मी. आता नाई होत."

मग मलेही नको, म्हणून सुशीला उठली. आईने तिला दंडाला धरून पुन्हा बसवलं, नवरीने असं करू नये म्हणून समजावलं. मी तिला हिरवा चुडा भरला. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लग्न लागलं तेव्हा गिरजाबाई मागे, चुलींच्या बाजूला उभ्या होत्या. ओवाळायला चुलतसासूच पुढे झाली. परतीच्या एसटीपाशी गिरजाबाई भाकर आणि ठेचा घेऊन आल्या, पुढच्या खेपेला घरीच उतरजो म्हणाल्या. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं आणि "येतो, आई" एवढंच निघालं.

वर्ध्याला पोचल्यावर मामाला सगळं सांगितलं. त्याने माझी पाठ थोपटली. "बरं केलंस. आपल्या हातून वावगं झालं नाही." तो मनापासून बोलत होता. त्याचं खाऊन त्याला चूक कसं म्हणू? आणि मीही त्या दुपारपर्यंत हेच म्हणालो असतो. गावाकडच्या माणसांनो, तुम्हीही म्हणाल, पोराने रीत सोडली नाही.

पण घरोघर कासार एरवी सवयीने जे विचारतो, ते त्या एका बाईला मला विचारता आलं नाही: आई, कुठल्या रंगाच्या भरू?